कुंपणावरचा नीलकंठ

थंडीत बाभुळगावाबाहेर धुकं उतरलं की तुरीची वावरं आधी ऐकू येतात आणि मग दिसतात. सातभाईंचं भांडण, लांबवरून तितराची हाक, आणि आमच्या दोघांच्या चपला. निवृत्त झाल्यावर बायकोनं मला या फिरण्याची सवय लावली. दुर्बीण माझ्या गळ्यात असते, पण पक्षी तिलाच आधी दिसतात. चाळीस वर्षं माझ्या चुका शोधून तिची नजर तयार झाली आहे. पाहिलेले पक्षी ती एका वहीत लिहिते. नियम एकच: दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत.

त्या सकाळी आम्ही या हंगामात पहिल्यांदाच या तुरीच्या वाटेनं आलो होतो, आणि ती मागे थांबून स्कार्फ बांधत होती. मी दुर्बीण लावली, तर तुरीच्या कडेला धुक्यात एक निळा तुकडा. मोरपंखी निळा, मधूनच हलणारा. ‘‘नीलकंठ!’’ मी ओरडलो. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, ते निळं लांबच लांब उलगडलं आणि त्याच्या खाली राणी रंगाचा काठ दिसला.

पक्ष्याला काठ नसतो. ती माझ्या सासूबाईंची साडी होती.

आमच्याकडे रानडुकरांपासून पीक वाचवायला वावराभोवती खुंटांना जुन्या साड्या बांधतात. साडी वाऱ्यानं हलली की माणूस उभा आहे असं वाटून डुक्कर मागे फिरतं म्हणतात. भाद्रपदात या वावराचा मालक आमच्या दारात आला होता. ‘‘काकाजी, जुन्या साड्या असतीन तं द्या न. डुकरायनं लय वैताग आणला.’’ बायको बाजारात गेली होती. अशा मागणाऱ्यांसाठी तिनं काढून ठेवलेला गठ्ठा बाजेवर होता, आणि त्याच बाजेवर ऊन दाखवायला ठेवलेली तिच्या गेलेल्या आईची साडीही होती. मी मोठ्या मनाचा माणूस. सगळंच उचलून दिलं आणि वर त्याला चहा पाजला.

साडी नाही, हे महालक्ष्म्या झाल्यावर तिच्या लक्षात आलं. ‘‘त्या गठ्ठ्यात तं नाही गेली?’’ तिनं मला विचारलं होतं. ‘‘छे! म्या एकेक पाहून देल्ली,’’ मी ठासून सांगितलं. पाहिली एकही नव्हती, पण आपण निष्काळजी आहोत हे कोण कबूल करतो? मग तिचा संशय गेला तो तिच्या वहिनीवर. वहिनी सणाला दिग्रसहून येऊन दोन दिवस राहून गेली होती, आणि तिनं मागे एकदा ती साडी आठवण म्हणून मागितलीही होती. बायको उघड काही बोलली नाही. दिवाळीत तिचा भाऊ न्यायला आला तेव्हा मात्र गुडघ्याचं निमित्त सांगून तिनं त्याला इथंच ओवाळलं आणि परत पाठवलं. लग्नानंतर पहिल्यांदा ती दिवाळीत माहेरी, दिग्रसला, गेली नाही.

‘‘कुठं हाय नीलकंठ?’’ ती जवळ येऊन म्हणाली. तोवर धुकं पुन्हा दाटलं होतं.

‘‘उडाला.’’

‘‘मले नाही दिसला. वहीत नाही लिहिणार मी.’’

दुसऱ्या दिवसापासून मी वाट बदलली. तलावावर बदकं उतरलीत म्हणालो, आणि ती खरंच उतरली होती. तिथल्या सकाळी इतक्या सुंदर होत्या की मला स्वतःचाच राग येई. पाण्यातून वाफ निघायची. चक्रवाकाची जोडी पाळीच्या बांधाजवळ अर्धवट झोपेत तरंगत असायची. वर कापशी घार एकाच जागी पंख मारत थांबायची, आणि आम्हीही खाली तसेच थांबायचो, किती वेळ ते कळायचं नाही. बायको माझ्या स्वेटरची बाही धरून उभी राहायची. आता सांगावं, असं रोज वाटायचं. मग ती हळूच म्हणायची, ‘‘पाहा न, धोबी कसा शेपूट हलवून राह्यला,’’ आणि मी तो धोबी पक्षी पाहायचो. असे दहा-बारा दिवस गेले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी तिचा फोन वाजला. पडद्यावर वहिनीचं नाव होतं. ती नुसती पाहत राहिली.

‘‘उचल न.’’

‘‘हात ओले हायेत.’’

हात कोरडे होते. फोन वाजायचा थांबला, तसा तिनं तो पदरानं पुसला आणि उशीखाली ठेवला. मला रात्रभर धड झोप लागली नाही.

सकाळी मी तिला जुन्या वाटेनं नेलं. धुकं विरत होतं. साडीचा रंग उन्हानं बराच उतरला होता आणि एक टोक बाभळीच्या काट्यानं फाटलं होतं. मी बोट केलं.

‘‘तो नीलकंठ नव्हता,’’ मी म्हणालो. ‘‘ही होती. म्याच देल्ली. पाहून नाही देल्ली.’’

तिनं मला चार शब्द सुनावावेत असं फार वाटत होतं. मग मीच पुढं होऊन खुंटाची गाठ सोडायला लागलो.

‘‘राहू द्या. तुरी उभ्या हायेत अजून,’’ ती म्हणाली, आणि दुर्बिणीसाठी हात पुढं केला.

मी मागे आलो आणि दुर्बीण दिली. थोड्या वेळानं साडीच्या वर, खुंटाच्या टोकावर एक गप्पीदास येऊन बसला. चिमूटभर जीव, छातीवर नारिंगी डाग, शेपटी सारखी वरखाली.

‘‘गप्पीदास,’’ ती म्हणाली. ‘‘दिसला न तुमाले?’’

‘‘दिसला.’’

मग तो उडाला. तुरीवरून नाल्याकडे गेलेला मला साध्या डोळ्यांनीही दिसला. तिची दुर्बीण मात्र साडीवरच होती. मी खाली पाहत उभा राहिलो.

दुर्बीण तशीच डोळ्यांना लावून, ती म्हणाली, ‘‘दिग्रसले जायाले पहिली गाडी किती वाजता हाय?’’