पाळणाघरातला वरवंटा

माझ्या टेबलावरच्या पाटीवर 'कामगार कल्याण अधिकारी' असं लिहिलेलं होतं. पगार गिरणीचा आणि कल्याण कामगारांचं. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातून शिकून बाहेर पडले तेव्हा मला यात काहीच खटकलं नाही. सूतगिरणी जयसिंगपूरजवळ होती. आवारातच आम्हाला क्वार्टर होतं आणि तिथे सासूबाई माझ्या तान्ह्या लेकीला सांभाळायच्या. बाळंतपणाची पगारी रजा मी पुरेपूर घेतली होती. कामावर रुजू झाल्यावरही दुपारी एक वाजता घरी जाऊन लेकीला पाजून यायचे. आईला कायद्याने तेवढी सवड द्यावीच लागते, हे मॅनेजरसाहेबांना मी पहिल्याच दिवशी ठणकावलं होतं. स्वतःपुरता कायदा मला तोंडपाठ होता.

तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तर कारखान्यात पाळणाघर हवं, हाही कायदाच. आमच्याकडे ते होतं की! भिंतीवर पोपट रंगवलेले, गिरणीच्या सुताराने केलेले लाकडी पाळणे. त्यात आजवर एकही मूल निजलेलं नव्हतं. पाळणे एका कोपऱ्यात ढकललेले, बाकी खोलीत सुताची पोती छतापर्यंत रचलेली, दाराला कुलूप. किल्ली माझ्याकडे असायची.

फॅक्टरी इन्स्पेक्टर यायचे असले की आदल्या दिवशी कुठून तरी फोन येई आणि गिरणीत सणाची लगबग सुरू होई. आगीच्या बादल्यांत वाळू पडे, औषधाच्या पेटीत नवी मलमपट्टी येई. नाकाला बांधायच्या पट्ट्या कपाटातून निघत आणि संध्याकाळी मोजून परत आत जात. बायकांना हे सगळं पाठ होतं. पट्ट्या वाटल्या की त्या म्हणायच्या, मुंडावळ्या बांधा गं, साहेब बघायला येणार हाय. मीही हसायचे. मुलीकडची करवली असल्यासारखी मिरवायचेसुद्धा.

सुताचे कोन भरायच्या खात्यात एक बाई होती. वर्षानुवर्षं कामाला, पण कागदावर 'बदली', म्हणजे दुसऱ्याच्या जागी तात्पुरती, म्हणून पगारी रजा नाही. बाळंत झाली आणि ओली बाळंतीणच म्हणावी अशी परत मशीनवर उभी राहिली. घरी बाळापाशी सासू. सासूची रानात तण काढायची, भांगलणीची रोजंदारी बुडायची, म्हणून घरात रोज कटकट. सून म्हणून नांदायचं तर नोकरी सोड, असं म्हणण्यापर्यंत गोष्ट आलेली. इकडे हिला दूध दाटायचं. चोळीत टाकाऊ कापूस कोंबून ती काम करायची आणि अगदीच असह्य झालं की पाण्याच्या टाकीमागे जाऊन दूध पिळून टाकायची. मी ते पाहिलं होतं. त्या दिवसांत मीही लेकीला अंगावर पाजत होते, मला सांगायला कुणी नको होतं.

पोराला त्या पाळणाघरात ठेवू द्या, म्हणून ती दोनदा माझ्याकडे आली. मी वर विचारलं. मॅनेजरसाहेब म्हणाले, एकीला दिलं की उद्या सगळ्या पोरं काखोटीला मारून आणतील. मला ते पटलं. साहेबांनी नाही म्हटलं त्यापेक्षा मला पटलं, याची लाज मला आज जास्त वाटते.

मग पुन्हा एकदा फोन आला. या खेपेचे साहेब नवे आहेत, पाळणाघर उघडून बघतात, अशी बातमी. पोती हलली, पाळणे पुसले. क्वार्टरमधली दोन-तीन बाळं ठरली, त्यांत माझी लेक. पण एक तरी खऱ्या कामगाराचं मूल पाहिजे, असं मॅनेजरसाहेब म्हणाले. मी त्या बाईच्या मशीनपाशी गेले आणि उद्या बाळाला घेऊन ये म्हणून सांगितलं.

तिने मशीनवरचा हात काढला नाही. म्हणाली, "आन परवा?"

"परवाही आण."

"मग सासूला रानात जा म्हणून सांगू?"

"सांग की," मी म्हटलं.

नाही म्हटलं असतं तर तिने बाळ आणलंच नसतं. एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी ती आली ती बाळ आणि कापडात गुंडाळलेला वरवंटा घेऊन. नव्या पाळण्यात आधी वरवंटा निजवायचा, मग मूल, ही आपल्याकडची रीत. चार बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या आणि 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत तो वरवंटा खालून-वरून फिरवला. माझ्या लेकीच्या पाळण्यातही तिनेच आधी तो ठेवला. कोऱ्या पाळण्यात पोर घालत्यात व्हय बाई, म्हणून मला रागावलीसुद्धा. इन्स्पेक्टरसाहेब आले, बाळाच्या गालाला बोट लावलं, चांगला शेरा दिला आणि गेले. त्या दिवसात तिने बाळाला तीनदा पाजलं. पाळी सुटताना ती फाटकाजवळ सगळ्यांना सांगत होती, आमचं पोरगं बी गिरणीत लागलं. सगळं सांगून टाकायचं ठरवून मी तिथे उभी होते. तोंडातून निघालं ते एवढंच, "सावकाश जा गं."

सकाळी ती बाळाला घेऊन फाटकात हजर. सासू पहाटेच रानात गेली होती. उद्यापासून खोली मिळणार नाही, असं मी सुरू केलं आणि मध्येच थांबले, कारण खोली आजही नव्हती. तिच्या डोळ्यांदेखत पोती आत चालली होती. ती भांडेल, शिव्या देईल, म्हणून मी तयार होते. कोल्हापूरकडची बाई, तोंड सोडायला तिला किती वेळ? तिने बाळ या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"वरवंटा तेवढा द्या, बाई. घरात एकच हाय. कालपास्नं चटणी वाटायची ऱ्हायलीया."

मी आत जाऊन तो शोधून आणला. तिने तो पिशवीत घातला आणि आली तशी परत गेली, ती कायमची. तिच्या जागी दुसरी बदली बाई आली. मी कुलूप लावलं, टेबलाशी बसले, आणि एक वाजता नेहमीसारखी लेकीला पाजायला घरी गेले.