टू पॉइंट फोरवरचा दादा

घरात वायफाय दादानेच बसवलं. मुंबईत त्याचं कामच ते, लोकांच्या घरी राउटर लावून द्यायचे. पोलादपूरच्या वर आमच्या वाडीत मोबाईलची रेंज म्हणाल तर खळ्याच्या टोकाला उभं राहून एक काडी, तीही मर्जी असेल तर. म्हणून त्याने खटपट करून खालून वायर वर आणवली, माजघराच्या भिंतीत खिळा ठोकला आणि डबा टांगला. नवरा वारल्यावर मी माहेरी आलेली. घरात आई आणि मी, दोघीच. "आईला रोज मला बघता येईल गो," तो म्हणाला. आईने राउटरला हळदकुंकू लावलं, मीही हात जोडले. कप्पाळ माझं!

शिकवलंही त्यानेच. डब्यातून दोन नेटवर्कं निघतात, एक टू पॉइंट फोरचं, एक फाइव्हचं. टू पॉइंट फोर धिम्मं, पण भिंतीतून पलीकडे जाणारं. फाइव्ह जोरात धावतं, पण भिंत आडवी आली की लंगडं. डब्याच्या पाठीवर छापलेला पासवर्ड ठेवू नको, बदल. सिक्युरिटीला डब्ल्यूपीए टू नाहीतर थ्री ठेव, जुनं डब्ल्यूईपी कुणीही फोडतं. पाहुण्यांना वेगळं गेस्ट नेटवर्क काढून दे. आणि ॲपमध्ये कोणकोण जोडलंय त्याची यादी असते, ती अधूनमधून बघ. यादीत मी एकेका फोनला नाव दिलं: माझा फोन, आईचा फोन, दादाचा फोन, शेजारच्या काकांचा फोन.

गेस्टचं मात्र मी काही केलं नाही. दारात आलेल्याला पाणी द्यायचं आणि पासवर्डही द्यायचा, अशी आमच्या वाडीची रीतच पडली होती. मग त्यात कुणाला वेगळ्या पंगतीला कसं बसवायचं? एकदा दिलेला पासवर्ड बदलणं म्हणजे तर पुढ्यातलं ताट ओढून घेणं. तो कधी बदललाच नाही. शिमग्याला दादा आला की खळ्यात पाय ठेवताच त्याचा फोन आपोआप जोडला जायचा, आणि मला त्याचं कोण कौतुक!

अशाच एका शिमग्यानंतर तो आम्हाला महाडला घेऊन गेला, हक्कसोडपत्रावर सह्या करायला. वरचा माळ, जिथे मी नाचणी करते आणि गुरं चारते, तो वडिलांच्या मागे आम्हा तिघांच्या नावावर होता. त्या माळावरच आमची चूल पेटते. "एकाच्या नावावर असलेलं बरं," दादा म्हणाला. "माळ तुझाच हाय. तुला इचारल्याबिगर एक ढेकूळ हलवणार नाय." आईने अंगठा दिला, मी सही केली. भावाला कोण म्हणतं, कागद आधी वाचून दाखव?

यंदा नाचणी कापून झाली आणि एका सकाळी गुरं घेऊन वर गेले, तर माळावर लाल फडकी बांधलेल्या खुंट्या. ओळीने, पार कड्यापर्यंत. तशीच खाली आले. शेजारी आमचे चुलते, त्यांचं आमचं घर एका भिंतीचं. ते ओटीवर बसले होते. "काका, या खुंट्या कसल्या?" तर म्हणाले, "सरकारचं काय तरी असंल," आणि उठून आत गेले. चहाला बस म्हणाले नाहीत. काकांनी चहा विचारला नाही, हे मला खुंट्यांपेक्षा जास्त खटकलं.

दुपारी माजघरात बसून दादाला नेटवरून फोन लावला.

"दादा, माळावर खुंट्या कुणी मारल्या?"

"मला काय म्हाईत गो? मी अंधेरीत हाय, शिडीवर उभा हाय. लवकर बोल." आवाज एकदम हळू.

"इकणार तर नायस ना?"

"येडी काय तू? तुला इचारल्याबिगर?"

त्याचं बोलणं मध्येच अडकत होतं. वाटलं, वाडीतलं कुणीतरी सिनेमा लावून बसलंय. कोण ते बघावं म्हणून बोलता बोलता ॲप उघडलं. माझा फोन, फाइव्हवर. काकांचा फोन, टू पॉइंट फोरवर. आणि त्याच्याखाली दादाचा फोन. टू पॉइंट फोरवर, सिग्नल कमजोर.

मी दोनदा वाचलं. अंधेरीतला फोन माझ्या राउटरला जोडला जात नाही हो! तो माझ्या घरात असावा लागतो, नाहीतर एका भिंतीपलीकडे. काकांच्या घरात रेंज नाही, त्याला माझा फोन लागला तोसुद्धा माझ्याच वायफायवरून. ओळखीचं नेटवर्क दिसलं आणि त्याचा फोन आपणहून शिरला. हे त्यानेच मला शिकवलेलं, आणि त्याच्याच ध्यानात आलं नाही. येणार कसं? त्याच्या लेखी मी नुसती डबा चालू-बंद करणारी बाई.

अंगाची लाही लाही झाली. माळ विकायचा होता तर समोर येऊन सांगायचं ना! भांडले असते, रडले असते, चार दिवस बोलले नसते. पण दहा पावलांवर बसून, माझ्याच वायफायवर, मलाच शिडी दाखवतो? केसाने गळा कापला माझा, आणि काकांनी मान धरून दिली.

"जेवलास काय?" मी विचारलं.

"हो, डबा खाल्ला. आईला सांग, शिमग्याला येतो."

मी उठले आणि राउटरची पिन उपसली. दिवा विझला, फोन तुटला. इतका वेळ दबक्या आवाजात बोलणारा दादा भिंतीपलीकडून मोठ्याने ओरडला, "हॅलो? हॅलो? काका, नेट गेला वाटतं!"

पडवीत आई नाचणी पाखडत होती. तिचं सूप थांबलं. चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"दादा आला काय गो?" ती गुडघ्यावर हात टेकत उठली. "चहा ठेव. दूध जास्त घाल, त्याला काळा आवडत नाय." आणि मी काही बोलायच्या आत पदर सावरत काकांच्या दाराकडे निघाली.