भिंतीपलीकडचा फोल्डर

अकोल्यात माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं, शेजारी बियाण्यांचं. इंटरनेटचं कनेक्शन दोघांत एकच; भिंतीला भोक पाडून वायर ओढलेली. त्या वायरीतून शेजाऱ्यांच्या कम्प्युटरमधलं सगळं मला दिसायचं. पासवर्ड लावा, असं तिथल्या मालकांना एकदा सांगितलंही. "ताई, तुमच्यापासून काय लपवाचं?" म्हणाले. मग मी रोज दुपारी तिथे डोकावू लागले. नाक खुपसायची सवय, दुसरं काय.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी पेपर उघडायची भीती वाटावी अशी ती वर्षं. पेरण्या तोंडावर होत्या. एका दुपारी सोयाबीनच्या एका लॉटचा तपासणी अहवाल वाचला. उगवणशक्तीत नापास. त्याच पिशव्या बाहेर धडाधड विकल्या जात होत्या, आणि पातूरच्या माझ्या भावाने त्याच नेल्या होत्या.

भावाला फोन करून सगळं सांगितलं. "पिशव्या बदलून घे. पण कोणाले सांगू नको, तुले माह्या गळ्याची शपथ. चोरून पाह्यलं हे कळलं तं माह्यं दुकान उठते."

भाऊ आला. मालकांनी त्याला काहीही न विचारता पिशव्या बदलून दिल्या. ते विचारत नाहीत याचीच मला जास्त भीती वाटली.

भावाची आणि बांधाशेजारच्या चाचांची सावड होती. एक बैल याचा, एक त्यांचा. आज याचं वावर पेरायचं, उद्या त्यांचं. चाचांनी बियाणंही भावासोबतच नेलं होतं, तेच. फोनवर बोलताना मला ते आठवलं होतं. मी गप्प बसले.

चाचांच्या वावरात पेरणीची तिफण भावानेच धरली. माझ्या शपथेखातर तोंडातून शब्द काढला नाही.

दहा-बारा दिवसांनी मी गावी गेले. बांधाच्या अलीकडे हिरव्या ओळी, पलीकडे नुसती काळी माती. चाचा बोटाने कुजलेले दाणे उकरत बसले होते. मला पाहून उठले.

"बेटी, तू कम्प्युटरवाली. बियानं खराब हाय हे पह्यले समजाचा काही उपाय असते काय?"

भाऊ खाली पाहत होता. मला माझी घाण वाटली.

"नाही चाचा," मी म्हणाले.

"मंग माह्याच वावराचा दोष," ते म्हणाले. त्यांनी मला चहाला बोलावलं, आणि मी गेले.