भरलीच्या भरली बाटली

माझ्या मुलीला आठवीत नांदुऱ्याच्या शाळेत घातलं, तेव्हा तिची भीती घालवायचं काम मी स्वतःकडे घेतलं. घरात बोलणारी मीच. तिचे बाबा दिवसभर शेतात, आणि घरी असले तरी शब्द काढायला त्यांना कष्ट पडतात. मी फटकळ. मनात आलं की ओठावर आलंच.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर एसटीनं नांदुरा. गावात ती पहिलीपासून त्याच तेरा पोरांबरोबर बसलेली. तिथं एका वर्गात साठ-सत्तर. शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडाभर तिचं जेवणच उडालं. भाकर कुस्करायची आणि ताट सरकवून द्यायची.

"आई, बस चुकली तं?"

"दुसरी येते."

"वर्गात कोनी बोललंच नाही मायाशी तं?"

"तू बोल नं. जीभ काय घरी ठेवून जाशीन?"

"अन् सरनं काही इचारलं, मले नाही आलं तं?"

"तं नाही येत म्हनावं. सर काय खाऊन टाकते का तुले?"

तिची एकेक भीती मी माशी हाकलावी तशी हाकलत गेले. आज आठवलं की स्वतःचाच संताप येतो. तिला उत्तरं नको होती, कुणीतरी नीट ऐकून घ्यायला हवं होतं. पण हे शहाणपण तेव्हा कुठलं! एका दुपारी ती रडायलाच लागली आणि माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "हे पाह्य, शाळेतलं रडगाणं घरी आनायचं नाही. तिथं तुले तरास हाय असं तुया बाबाच्या कानावर गेलं ना, तं दुसऱ्या दिवशी नाव काढून आनतीन ते. मंग बस घरी गवऱ्या थापत."

तिनं डोळे पुसले आणि दप्तर भरायला बसली. मला वाटलं, जमलं!

खरंच जमलं होतं म्हणा ना. शाळा सुरू झाली, ती सकाळी साडेआठला जायची, सहाला यायची, आणि एक तक्रार नाही. कशी आहे शाळा म्हटलं की "बरी हाय." मी शेजारणीजवळ फुशारकी मारली की पोरीला कसं समजवायचं ते मला विचारा.

आमचं गाव खारपाणपट्ट्यातलं. बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही, डाळ शिजता शिजत नाही त्यात. म्हणून तिच्यासाठी फिल्टरच्या पाण्याचा जार लावला होता. त्यातली एक बाटली रोज सकाळी दप्तरात. संध्याकाळी ती भरलीच्या भरली परत यायची.

"काऊन वं, पानी नाही पेली?"

"शाळेत गोड पानी हाय, आई. थंडगार. तेच पेते."

मी हरखले. म्हटलं, निदान दिवसभर तरी पोरीच्या पोटात चांगलं पाणी जातंय. त्या बाटलीकडे पाहून मला बरं वाटायचं, हे लिहायलाही आज लाज वाटते.

ऑगस्टमध्ये तिची पाठ दुखायला लागली. एसटीचे धक्के, म्हटलं मी. मग लघवीला जळजळ. आता आमच्याकडे लघवीची जळजळ म्हटली की कुणी दुसरं कारण शोधतच नाही. पाणी बाधलं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. सासूबाई तेच म्हणाल्या, शेजारीण तेच म्हणाली, मीही तेच धरून बसले. जारवाल्याला दारात उभं करून झापलं, की तू बोअरचंच पाणी भरून आणतोस, मेल्या. जार बदलला. धण्याचं पाणी दिलं. असे दोन आठवडे घालवले. मग एका रविवारी सकाळी थंडी वाजून ताप चढला, उलट्या सुरू झाल्या, आणि आम्ही दोघं तिला खामगावला दवाखान्यात घेऊन गेलो.

रिपोर्ट बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या की संसर्ग किडनीपर्यंत गेलाय. मी लगेच सुरू झाले, "आमच्याकडलं पाणीच खारं हो मॅडम, तरी मी जार..."

"पाणी कसलं ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. "ही पिते का?"

मुलगी खाली बघत राहिली. त्यांनी पुन्हा विचारलं, सावकाश, तिच्या हातावर हात ठेवून. तेव्हा ती बोलली. सकाळी उठल्यापासून घरी येईपर्यंत घोटभरही नाही. शाळेत मुलींच्या संडासला कुलूप असतं. किल्ली सरांच्या टेबलावर. सगळ्या वर्गादेखत उठून मागावी लागते, आणि कुणी मागितली की पोरं बाक वाजवतात. पहिल्याच दिवशी बसमध्ये मोठ्या मुलींनी नव्या मुलींना सांगून ठेवलं होतं की पाणीच प्यायचं नाही, मग किल्ली मागायचं कामच पडत नाही. सगळ्याच तसं करतात, म्हणाली.

तिचे बाबा दाराशी उभे होते. मला वाटलं, आता हे म्हणणार, पुरे झाली शाळा. मी भांडायची तयारी करत होते.

ते पुढं आले, तिच्या पायथ्याशी बसले. "मंग मले सांगतलं काऊन नाही, बेटा?"

"तुमी शाळेतून नाव काढून आनलं असतं."

"कोन म्हने?"

तिनं माझ्याकडे पाहिलं.

"मी कधी म्हटलं वं असं?" त्यांनी मला विचारलं. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. पण त्यांना खरंच कळत नव्हतं.

ते कधीच म्हणाले नव्हते. तसं वागले होते माझे वडील. स्टँडवर एक पोरगा मागं लागतो, एवढं मी घरी सांगितलं आणि माझी आठवी तिथंच संपली. बाप म्हटलं की असाच, हे मी तेव्हा धरलं ते सोडलंच नाही. पंधरा वर्षं या माणसाच्या शेजारी राहिले आणि एकदाही विचारलं नाही की तुम्ही काय कराल.

मंगळवारी ते शाळेत गेले. काय बोलले देव जाणे, पण कुलूप निघालं. मुलगी महिन्याभरानं पुन्हा जायला लागली. उजव्या किडनीवर डाग राहिलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जन्मभर जपावं लागेल.

आता संध्याकाळी ती आली की ओसरीवर बाबांजवळ बसते. कोण काय बोललं, कोणत्या सरांनी काय विचारलं, कुठं भीती वाटली, सगळं सांगते. ते मान हलवत ऐकतात. मी चहा घेऊन बाहेर आले की ती बोलायची थांबते, कप घेते, आणि मी आत जाईपर्यंत वाट पाहते.