भिंगाला बोट

दीपगृहाचं भिंग पुसणारा म्हातारा निवृत्त झाला, डोळ्यांनी अधू झाला, तरी रोज कड्यावरची छोटी पायवाट चाचपडत चढायचा. आपल्यावाचून भिंगाचं अडतं, एवढ्याच आधारावर तो जगत होता. भिंगाला उघडं बोट लावायचं नाही, फडक्यानेच पुसायचं, हा नेम त्याने नोकरीभर पाळला होता.

त्याचा मुलगा तिथेच पहारेकरी. फिरायला आलेल्यांना तो सांगे, "बघा, आमचं जिवंत प्रदर्शन."

एका सकाळी सून वैतागली. "मामंजी, घरात बसा आता. खरं भिंग कधीच उतरवून नेलंय. तुम्ही प्लास्टिक पुसता आणि माणसं फिदीफिदी हसतात."

"तुझ्या जिभेला काही हाड?" म्हणत म्हातारा निघाला. वर पोचल्यावर मात्र त्याने नेम मोडला आणि भिंगाला टिचकी मारली. डब्याच्या झाकणासारखा बद्द आवाज आला.

"बाबा, फडकं घ्या की," मुलगा कानाशी म्हणाला. "लोक खोळंबलेत."

म्हाताऱ्याने खांद्यावरचं फडकं काढलं आणि पुसायला घेतलं. मागे सगळ्यांच्या आधी कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू त्याच्या ओळखीचं होतं, पोर पाळण्यात असल्यापासूनचं.