एका नंबरावर एक माणूस

जालन्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला होतो. एका नव्या डायलिसिस केंद्रात रुग्णांच्या पाळ्या लावणारं सॉफ्टवेअर आमच्या मालकांनी स्वतः लिहिलं होतं. रुग्णाच्या नोंदीचा साचा पक्का होता. वयाच्या जागी अक्षर टाकलं की नोंद परत यायची, रक्तगट ठरलेल्या यादीतूनच निवडावा लागायचा. चुकीची माहिती आत शिरणं अशक्य, असं ते सांगत आणि ते खरं होतं.

प्रत्येक नोंद एका किल्लीखाली, म्हणजे तिच्या ओळखखुणेखाली, साठायची. त्याच किल्लीवर दुसरी नोंद आली की पहिली न विचारता पुसली जायची. किल्ली म्हणून मालकांनी मोबाइल नंबर घेतला. आमच्याकडे गॅसला, रेशनला, बँकेला घरातले सगळे एकच नंबर देतात.

जाफराबादकडचे माय-लेक दोघंही रुग्ण होते. लेकाची नोंद झाली तेव्हा आईची गेली. तिची जागा मोकळी दिसली म्हणून केंद्राने ती दुसऱ्याला दिली. पाळीच्या दिवशी दोघं आले तेव्हा मशीन एकच शिल्लक होतं. आईच्या अंगावर सूज होती, धाप लागत होती. केंद्राने आमच्या कंपनीचा फोन नंबर सोबत आलेल्या सुनेच्या हातात दिला.

तिचा फोन आला तो मालकांनी स्पीकरवर ठेवला. "बाई, एका नंबरावर एकच माणूस. दुसरं सिम घ्या."

"सिम घेते, साहेब. पर आज कसं करायचं? आत्याबाई हितंच बसल्यात."

"आज दोघांतलं एक सांगा. नोंद बदलायला मला मिनिटभर लागतं."

शेजारच्या टेबलावरचा हसला. म्हणाला, सासूचा काटा काढायची सोय झाली. मालकांनी त्याला गप्प केलं नाही, स्पीकरही बंद केला नाही.

ती म्हणाली, "मंग हाय तेच राहू द्या."

तक्रार बंद करताना कारण निवडावं लागे, तिथेही यादी ठरलेली होती. मालकांनी 'ग्राहकाच्या इच्छेनुसार' निवडायला सांगितलं. मी निवडलं. सासूला रिक्षाने सरकारी दवाखान्यात पाठवल्याचं नंतर कळलं.

पुढच्या पाळीला सून नवं सिम घेऊन आली. हा नंबर सासूबाईंच्या नोंदीला लावायचा ना, असं रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं. आता लागत न्हाई, असं तिने सांगितलं आणि नवऱ्याला धरून आत नेलं.