घंटा वाजली की बाहेर

या धाग्याचा विषय ‘गेल्या दहा वर्षांतले तुमचे आवडते गेम’ असा आहे, आणि मी इथे भलतंच काहीतरी लिहिणार आहे. अ‍ॅडमिननी हवं तर उडवून टाकावं. पण सगळ्यांच्या याद्या वाचत होते… कोणाचा घोड्यावरून फिरणारा काउबॉय, कोणाचा राक्षस मारणारा तलवारबाज, कोणाचा दरवर्षी नवं कव्हर घालून येणारा तोच तो फुटबॉल… आणि माझ्या यादीतलं पहिलं नाव लिहिताना हात थांबला. तेव्हा यादी राहू द्या, त्या एका गेमबद्दलच सांगते.

आधीच सांगून ठेवते. मी बडोद्याला कारेलीबागेत फिजिक्सच्या ट्यूशन घेते. भूत-प्रेत, नजर, अंगात येणं, असलं काही कोणी सुरू केलं की मी चहा टाकायला उठते. माझी मावशी म्हणते, ‘हिच्यासमोर साक्षात देव उभा राहिला तरी ही त्याचं वजन विचारेल.’ खरं आहे ते. अजूनही मी तशीच आहे, असं मला वाटतं… म्हणजे वाटायचं.

निखिल माझा धाकटा भाऊ. नंदेसरीला एका केमिकल प्लांटमध्ये ऑपरेटर होता. घरात गेमिंगचं वेड त्यानेच आणलं. त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सेव-उसळ हाणायची आणि मग दोघांनी टीव्हीसमोर बसायचं, हा आमचा नेम. आई म्हणायची, ‘लग्नाची वयं झाली आणि बसलेत बटणं दाबत.’

अनेक गेम खेळलो, पण जीव जडला तो एका छोट्याशा गेमवर. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर तुम्ही सगळे उद्या तो उतरवून घ्याल आणि एकमेकांना घाबरवत बसाल. दोन खाणकामगार, एक लहानसं गाव, डोंगरात एक गुहा. दोघांनी मिळून गुहेत जायचं, रंगीत दगड खणून आणायचे, गाव वाढवायचं. बस, इतकंच. गुहेच्या तोंडाशी एक घंटा टांगलेली. जोडीदाराला हाक मारायची असली की ती वाजवायची. दुसरा खेळणारा नसेल तेव्हा त्याचं पात्र घरातल्या खाटेवर झोपून राहतं.

लोक दोघे मिळून आत जातात, धमाल करतात. आमच्या निखिलचं मात्र वेगळंच. ‘आत एक, बाहेर एक. घंटा दोनदा वाजली की बाहेर यायचं. का म्हणून विचारायचं नाही.’ प्लांटमध्ये बंद टाकीत माणूस उतरतो तेव्हा हाच नियम असतो. एकाने बाहेर उभं राहून लक्ष ठेवायचं. आणि त्यातला सगळ्यात मोठा नियम म्हणजे आतला पडला तरी बाहेरच्याने आत उडी मारायची नाही. आरडाओरडा करायचा, माणसं बोलवायची, दोर टाकायचा. आत नाही जायचं.

‘अरे, हा गेम आहे,’ मी म्हणायचे. ‘इथे कुठला गॅस आलाय?’

‘ताई, बस ने, पुरे आता. सवय ही कुठेही लागली तरी सवयच असते.’

घरातही तेच. आमच्या अंगणात पाण्याची जमिनीखालची टाकी आहे. दर दिवाळीआधी बाबा आणि निखिल ती धुवायचे. बाबा बाहेर, निखिल आत. तो नुसता ब्रशने घासायचा. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यांना ते फार सावकाश वाटायचं.

मागच्या वर्षी निखिल गेला. प्लांटमध्ये. तो बाहेर उभा होता, आत उतरलेला त्याचा जोडीदार कोसळला, आणि आमचा हा नियमवाला माणूस नियम मोडून आत उतरला. जोडीदाराला त्याने वर ढकललं. तो वाचला. आपण सगळ्यांचं भलं चिंतावं हे मला कळतं, पण त्या मुलाचा चेहरा मला अजून बघवत नाही. खोटं कशाला बोलू?

कित्येक महिने मी टीव्हीखालचं ते कपाट उघडलं नाही. मग एका रविवारी उघडलं. निखिलच्या कंट्रोलरमधले सेल काढून टीव्हीच्या रिमोटला घातले आणि त्याचा कंट्रोलर त्याच्याच कपड्यांत ठेवून दिला. माझ्या कंट्रोलरवर गेम लावला. त्याचा पिवळ्या टोपीचा माणूस खाटेवर झोपला होता. त्याला तसं झोपलेलं बघून मला इतकं बरं वाटलं की मी दर रविवारी थोडा वेळ खेळू लागले. घरच्यांना आवाज नको म्हणून हेडफोन लावून.

दिवाळी तोंडावर आली होती. आई फराळाचं करायला मावशीकडे गेलेली, जुन्या शहरातल्या घडियाळी पोळ नावाच्या गल्लीत. टाकी रिकामी करून ठेवली होती, पण शेजारचे जिग्नेशभाई आले की मगच उतरायचं, असं बाबांनी स्वतःच ठरवलं होतं. मी गेम लावला. गुहेत शिरले. थोडी खोल गेले असेन, तेवढ्यात घंटा वाजली.

टण. टण.

मला वाटलं, चुकून काहीतरी दाबलं गेलं. पण माझा माणूस गुहेच्या पार आत होता, घंटा बाहेर. मी त्याला बाहेर आणलं. घंटेपाशी पिवळी टोपी उभी होती.

माझ्या माणसाला गेममधल्या घरी पळवत नेलं. घरातली खाट बघितली, रिकामी. परत आले तर तो तिथेच, तोंड माझ्याकडे. आणि त्याने पुन्हा घंटा वाजवली, दोनदा.

घंटा वाजली की बाहेर, का म्हणून विचारायचं नाही. मी हेडफोन काढून सोफ्यावर टाकले आणि उठले. कुठे जायचं हे ठरवलं नव्हतं, पाय अंगणाकडे गेले.

दार उघडताच नाकात तो वास घुसला. ब्लीचिंग पावडर आणि वर बाथरूमचं अ‍ॅसिड! जिग्नेशभाईंची वाट न बघता बाबा उतरले होते, आणि डाग निघेनात म्हणून दोन्ही एकत्र ओतलं होतं. शाळेतल्या पोरालाही कळावं की यातून क्लोरीन निघतो, आणि तो हवेपेक्षा जड असतो, खालीच साठतो. झाकण उघडं होतं. बाबा शिडीच्या मधोमध लटकलेले, खोकत होते, डोळे मिटलेले, वर सरकायचं त्राण नाही.

मी चप्पल भिरकावली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. खरंच ठेवला होता. मला दुसरं काही दिसतच नव्हतं.

घरातून घंटा वाजली. दोनदा नाही, थांबेचना. टण टण टण टण… कोणीतरी जीव तोडून वाजवत असावं तशी. मी पाय मागे घेतला. का घेतला, ते मला शब्दांत सांगता येणार नाही. निखिल ओरडल्यासारखंच वाटलं ते.

दोरीवर आईची साडी वाळत होती, ती ओढली, एक टोक खाली सोडलं. ‘बाबा, हाताला गुंडाळा! गुंडाळा!’ आणि जिग्नेशभाईंच्या नावाने अशी किंचाळले की अख्खी सोसायटी बाहेर आली.

‘शुं थयुं, बेन?’ जिग्नेशभाई कंपाउंडवरून उडी टाकूनच आले. ‘अरे, काका अंदर छे? तू नीचे ना जती, हां! पकड, पकड!’

तोवर बाबांनी कसंबसं साडीचं टोक हाताला गुंडाळलं होतं. त्यांनी, त्यांच्या बायकोने आणि मी मिळून बाबांना साडीने वर ओढलं.

बाबा वाचले. काही दिवस हॉस्पिटलात खोकत होते. बोलता यायला लागल्यावर त्यांनी मलाच झापलं, ‘घंटा काय बडवत होतीस एवढी? म्हणून तर शिडीपर्यंत आलो. नाहीतर मी खालीच बसणार होतो जरा वेळ, चक्कर येत होती.’

मी म्हटलं, ‘कुठली घंटा, बाबा?’

‘ती तुमच्या गेमची. मला काय माहीत नाही? वर्षानुवर्षं ऐकलीय.’

त्या रात्री मी घरी आले तेव्हा हेडफोन सोफ्यावर तसेच पडले होते, वायर टीव्हीला लावलेली. वायर लावली की आमच्या टीव्हीचे स्पीकर बंद होतात. म्हणजे घंटा मला एकटीला, आणि तीही कानात हेडफोन असेपर्यंतच ऐकू यायला हवी होती. अंगणात ती कोणालाच ऐकू यायला नको होती. जिग्नेशभाईंना विचारलं, त्यांनी फक्त माझी किंकाळी ऐकली. निखिलचा कंट्रोलर कपड्यांतच होता, सेलशिवाय.

गेम बनवणाऱ्यांना लिहिलं. दुसरा कंट्रोलर जोडल्याशिवाय ते पात्र खाटेवरून उठूच शकत नाही, असं त्यांनी नम्रपणे कळवलं. डॉक्टर म्हणाले, गॅसमुळे बाबांना भास झाला असेल. ठीक. मला कशामुळे झाला? आणि दोघांना एकच कसा झाला? इथे प्रोग्रामिंग करणारे बरेच जण आहेत. कोणाला काही सुचत असेल तर खरंच सांगा, मी ऐकून घेईन.

पण माझ्या डोक्यात फिरत राहतं ते वेगळंच. आत एक, बाहेर एक. त्या दिवशी प्लांटमध्ये बाहेर तर निखिलच होता. तो आत गेल्यावर त्याच्यासाठी घंटा वाजवायला बाहेर कोण उरलं होतं?

त्या रविवारनंतर त्याची खाट रिकामीच आहे. अख्खं गाव धुंडाळलं, पिवळी टोपी कुठेही नाही. बघायची राहिली आहे ती एकच जागा.

मी गुहेत जात नाही. नियम म्हणजे नियम. दर रविवारी गेम लावते, माझ्या माणसाला गुहेच्या तोंडाशी उभं करते आणि घंटा वाजवते. दोनदा. मग थांबते, आणि पुन्हा वाजवते. आता हेडफोन लावत नाही. बाबा येऊन शेजारी बसतात, गुहेच्या दाराकडे बघत राहतात.